डावी लेन मोकळी होती

१

टिकेश गहाणे मेला ती जागा त्याच्या घराच्या इतकी जवळ होती, की आईनं अंगणातून जोरात हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती.

कोहमाऱ्याहून देवरीकडं जाणारा चौपदरी महामार्ग जंगल सोडून धानाच्या बांध्यांमध्ये उतरतो, तिथं बेलबोडीचा फाटा आहे. फाट्याच्या थोडं अलीकडं, दुभाजकाला लागून, धानाची पोती लादलेली एक ट्रॉली उभी होती आणि तिच्या मागच्या कोपऱ्यात टिकेशची पांढरी गाडी घुसली होती. त्यामागं एक ट्रक. उपनिरीक्षक नीतू पटले जीपमधून उतरली तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. गावकऱ्यांनी टिकेशला रस्त्याकडेच्या मातीत निजवलं होतं, अंगावर कोणाचं तरी धुतलेलं लुगडं पांघरलं होतं. त्याच्या आईला, सुशीलाबाईंना, बायकांनी घरातच धरून ठेवलं होतं. पण त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

टिकेश नागपूरला एका कारखान्यात नोकरीला होता. आईच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला होता, उद्या तिला गोंदियाला दवाखान्यात न्यायचं म्हणून तो सुट्टी काढून येत होता. एवढं कोणीतरी न विचारता सांगितलं आणि तोंडाला शेला लावून बाजूला झालं.

"ट्रॅक्टर कोणाचा?" नीतूनं विचारलं.

दुभाजकावर बसलेला एक माणूस उठला. पन्नाशी ओलांडलेला, अंगात बंडी, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं माखलेले. टिकेशला त्यानंच ओढून बाहेर काढलं होतं.

"माह्या होये जी. देवचंद कापगते." त्याचा आवाज सरळ होता, पाठ केल्यासारखा. "चूक माहीच आहे. डाव्या बाजूनं चालून राहिलो होतो. मले डुलकी लागली. ट्रॅक्टर कवा उजवीकडं आला, समजलंच नाई."

ट्रकचा ड्रायव्हर मुन्नालाल रायपूरकडचा होता. त्यानं हात जोडून सांगितलं, "मॅडम, मैं तो लेफ्ट में था, अपनी लाइन में. ये भैया राइट से सन्नाके निकले, और सीधे ट्रॉली में."

हवालदार भुवनेश्वरनं मान हलवली. "उघड केस आहे मॅडम. वीसच्या चालीचं वाहन शंभरच्या लेनमध्ये घुसलं. डावी लेन अख्खी मोकळी पडली होती न हा उजवीकडं झोपा काढत होता."

डावी लेन खरंच मोकळी होती. नीतू तिथं जाऊन उभी राहिली. सुगीचे दिवस होते. मागंपुढं जिथवर नजर जाईल तिथवर रस्त्यावर तणसाच्या काड्या होत्या, ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली चिखलाची ढेकळं होती. इथं मात्र डांबर लग्नघराच्या अंगणासारखं स्वच्छ झाडलेलं होतं.

तिनं वळून ट्रॅक्टरकडं पाहिलं. इंजिन बंद होतं, पण उजव्या बाजूचा पिवळा दिवा अजून उघडझाप करत होता.

झोपेत माणूस स्टिअरिंग सोडतो. झोपेत इंडिकेटर कोणी देत नाही.

२

देवचंद जामिनावर सुटून घरी आला, पण कोणाशी बोलेना. पेपरात त्याचा फोटो छापून खाली 'झोपाळू ट्रॅक्टरचालक' असं लिहिलं होतं. नीतू त्याच्या घरी गेली तेव्हा त्याची बायको चमेली अंगणात सूप घेऊन बसली होती. सूप रिकामंच होतं.

"काकी, त्या दिवशी त्यांची झोप झाली नव्हती का?"

"दिवसा झोपलेला मानूस म्या त्याईच्यात पायलाच नाई," चमेली म्हणाली. "न गाडीवर? बापा! गावात त्याईले काय म्हनतात, ठाऊक आहे? डावा देवचंद. रस्ता पुरा खाली असो, कड सोडनार नाई. पोट्टे हासतात, मांगून भोंगे वाजवतात. हे म्हनतात, आपली चाल हळू, आपन कडेनं चालावं. ज्याले घाई आहे त्याले जाऊ द्यावं. आपल्या पायी कोनाचा खोळंबा नोको."

"मग त्या दिवशी कड का सोडली?"

चमेलीनं घराकडं पाहिलं. आतून देवचंदचा आवाज आला, "चमेली, चूप राय."

"पुरे गावानं चूप राहाचं ठरवलं," ती सुपाकडं बघत पुटपुटली, "न जेलात माह्या मानूस जाईन."

आतून खाट करकरली. चमेली उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं.

नीतू तशीच ठाण्यात आली. मागच्या आवारात टिकेशची गाडी ताडपत्रीखाली उभी होती. तिनं ताडपत्री ओढली. गाडीचं तोंड सगळं फुटलेलं नव्हतं. डावा दिवा शाबूत होता, काचेला तडासुद्धा नव्हता. फुटला होता तो फक्त उजवा कोपरा, ड्रायव्हरच्या बाजूचा. शेजारी देवचंदची ट्रॉली होती. तिचा मागचा डावा कोपरा आत दबला होता.

भुवनेश्वर मागं येऊन उभा राहिला. "काय पाहून राहिल्या मॅडम?"

"मुन्नालाल म्हणतो गाडी उजवीकडून आली. उजवीकडून येऊन ट्रॉलीचा डावा कोपरा कसा फुटेल?"

ती खाली वाकली. गाडीच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यात, पार आत, धानाचे दाणे ठासून भरले होते. हवालदार म्हणाला, "ते ट्रॉलीतून सांडले असतील. पोती फाटली होती न."

नीतूचं माहेर गोंदियाजवळच्या गोरेगावाकडचं, पोवारांचं शेतकरी घर. खळ्यावर वाढलेल्या मुलीला धान ओळखायला शिकवावं लागत नाही. तिनं ट्रॉलीतल्या फाटक्या पोत्यातले दाणे एका तळव्यावर घेतले, चाकातले दुसऱ्या तळव्यावर. पोत्यातला धान ठोकळ होता, जाडाभरडा. चाकातला बारीक, लांबट. तिनं एक दाणा दाताखाली फोडला. गोडसर सुगंध जिभेवर आला.

चिन्नोर. घरच्या सणावारासाठी लावतात तो.

तो ट्रॉलीत नव्हताच. तो रस्त्यावर होता.

३

मुन्नालालचा ट्रक इंद्रकुमारच्या ढाब्यासमोर थांबवून ठेवला होता. तो बाजेवर बसून होता. समोर भरलेलं ताट तसंच पडलेलं.

"त्या दिवसापासून नीट जेवला नाही हा," इंद्रकुमारनं जाता जाता सांगितलं.

नीतू समोरच्या बाजेवर बसली. "मुन्नालालजी, तुम्ही डाव्या लेनमध्ये होता म्हणालात. गाडीचा उजवा कोपरा फुटलाय, ट्रॉलीचा डावा. म्हणजे गाडी ट्रॉलीच्या डावीकडून आली. तिथं तुम्ही होता, तर ती तुमच्या ट्रकमधून आरपार आली का?"

मुन्नालालनं ट्रकच्या चाकांकडं पाहिलं.

"तुमच्या टायरमध्ये धानाचा एक दाणा नाही. मी पाहिलं. त्याच्या टायरमध्ये मूठभर आहे."

त्यानं गमछा तोंडावर दाबला.

"सब राइट में चलते हैं, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "लेफ्ट में कौन जाए? कहीं साइकिल, कहीं बैलगाड़ी, कहीं सामने से उल्टी मोटरसाइकिल. लोडेड गाड़ी को बार बार ब्रेक कौन मारे? राइट पकड़ लो तो सीधे रायपुर. बीस साल से ऐसे ही चलाता हूँ. सामने ट्रॉली आ गई, तो मैंने भी चाल धीमी कर ली. पीछे वो लड़का लाइट मार रहा था, हॉर्न दे रहा था. मैंने सोचा, ट्रॉली आगे निकल जाए, फिर साइड दे दूँगा. वो रुका नहीं. लेफ्ट से काटा."

"आणि पुढं काय आहे ते त्याला दिसलं नाही."

"मेरे ट्रक के पीछे से क्या दिखेगा? पहाड़ खड़ा है सामने." त्याचा आवाज चिरकला. "मैं लेफ्ट में होता, तो वो राइट से देखके निकलता ना, मॅडम? उसको ट्रॉली दिखती. बताओ, दिखती ना?"

नीतूला खोटं बोलवेना आणि खरं त्याला ठाऊकच होतं.

"डावीकडं काय होतं, मुन्नालालजी?"

त्यानं बेलबोडीच्या दिशेनं पाहिलं. मग ताट बाजूला सरकवलं.

"मैं परदेसी आदमी हूँ. उन्होंने मेरी बात ढाँकी, मैंने उनकी. गाँव से पूछो. पर धीरे से पूछना."

४

रस्त्यावर वाळत घातलेला धान गाड्यांनी उधळू नये म्हणून लोक त्याच्या कडेनं दगड मांडतात. ते दगड नीतूला रस्त्याकडेच्या नालीत सापडले. चांगले डोक्याएवढाले होते. एक उचलून पाहिला, तर खालचं दबलेलं गवत अजून हिरवं होतं. नुकतेच कोणीतरी घाईनं फेकले होते.

"ते माहे होत," मागून आवाज आला.

चाळिशीचा, उंच, खांदे पडलेला माणूस. ओमेश लांजे. टिकेशच्या आईच्या बहिणीचा मुलगा, घराला घर लागून. तिरडीला पुढून खांदा त्यानंच दिला होता.

"धान माह्या होता, मॅडम. डावी लेन पुरी भरली होती. देवचंदमामा कडेनंच येऊन राहिला होता. धान दिसला म्हून त्यानं इंडिकेटर देल्लं न उजवीकडं घेतला. मांगून टिकेश आला." ओमेशनं रस्त्याकडं बोट केलं. "तो धानावर चढला, ब्रेक मारला. धानावर ब्रेक कुठं लागते जी? मोहरीवर पाय पडल्यावानी गाडी घसरली. मी मानसं जमवली. बाया झाडू घेऊन आल्या. तुमी येन्याच्या आंधी सारा पोत्यात भरला. मामाले म्या म्हटलं, मी जातो ठान्यात. त्यो म्हने, तुले लहान लेकरं आहेत. मले काई नाई होत."

सगळं जुळत होतं. झाडलेला रस्ता, दगड, पिवळा दिवा. नीतूनं खिशातून कागदाची पुडी काढून त्याच्यासमोर उघडली.

"हा तुमचा धान?"

"हो जी."

"चांगला बारीक आहे. कापला कधी?"

"दिवाळीच्या आंधी. मंग मळनी-चुरना केला, न…"

"ओमेशभाऊ," नीतू हळूच म्हणाली, "हा चिन्नोर आहे. दिवाळीच्या आधी चिन्नोर हिरवागार उभा असतो. सगळ्यांचा उरकल्यावर तो पिकतो. तुमच्या अंगणातली रास मी येता येता पाहिली. ती ठोकळ धानाची आहे."

ओमेश पुडीकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावरचं अवसान एकदम गळून पडलं.

"नोका काढू थे नाव," तो म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. नोका काढू."

आणि तेव्हा नीतूच्या लक्षात आलं. दोन माणसं जेल अंगावर घ्यायला तयार होती. एक परका ट्रकवाला तोंड मिटून बसला होता. अख्ख्या गावानं, समोर प्रेत असताना, झाडू हातात घेतले होते. एवढं कोणासाठी करतात? पुढाऱ्यासाठी? भीतीपोटी करतील, पण मग डोळ्यांत असं पाणी येत नाही. त्या सांजेला बेलबोडीत जिच्यावर दया करावी अशी एकच बाई होती, आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

५

देवचंद बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसला होता. ही बोडी त्याच्या पणजोबांच्या पिढीनं, तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाच्या हातांनी बांधलेली. पाणी आता उतरत चाललं होतं. नीतू शेजारी बसली आणि ओमेशकडून कळलेलं नि स्वतः जुळवलेलं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"धान सुशीलाबाईंचा होता. पोरगा यायचा म्हणून त्या लवकर घरी स्वयंपाकाला गेल्या. धान भरून घ्यायला ओमेशला सांगून गेल्या. ओमेशला उशीर झाला. तुम्ही कडेनं आलात, धान बघून उजवीकडं घेतलं, रीतसर दिवा देऊन. मुन्नालाल नेहमीप्रमाणं उजवीकडून येत होता, तुमच्या मागं अडकला. टिकेश त्याच्या मागं. ट्रॅक्टरची एक चाल, ट्रकची दुसरी, त्याची तिसरी. तिघं एका लेनमध्ये. त्याला थांबवेना. मोकळी वाटली ती डावी बाजू, तिकडून त्यानं काढली. आईच्याच धानावर चढला."

देवचंदनं नाकारलं नाही.

"मले वाटलं, झोप म्हटलं तं कोनी पुढं इचारनार नाई," तो म्हणाला. "झोपेले साक्षी नाई लागत."

"काका, जेल होईल."

"होऊ द्या. मी भोगून येईन. पन त्या बाईले जर समजलं, का आपल्या हातानं पसरवलेल्या धानावर आपला लेक गेला, तं थे वाचन का? नवरा गेल्यावर एकटीनं वाढवला त्याले. माह्या खांद्यावर बसून दिवाळीच्या मंडईची जत्रा पाहाले जाये तो." त्यानं पाण्याकडं तोंड फिरवलं. "गाडीतून काढला तवा जीव होता. म्हने, मामा, मायले सांगजा, मी आलो. म्या त्याले लगेच धानावरच निजवला, तीच जागा मऊ होती. दोन घोट पानी देल्लं, न गेला. मंग मले दिसलं, आपन त्याले कायच्यावर निजवलं. म्या ओमेशले हाक मारली, म्हटलं, सारा उचल. हे मायच्या नजरेस पडाले नोको."

नीतूला त्या दिवसापासून वाटत होतं की एकदा उलगडा झाला की मोकळं वाटेल. नेहमी वाटायचं. आज उलगडा झाला होता आणि तो छातीवर धोंड्यासारखा बसला होता. खरं लिहावं तर एका आईला दुसऱ्यांदा मारायचं. न लिहावं तर ज्या माणसानं आयुष्यभर कड सोडली नाही त्याच्या कपाळी कायमचा कलंक.

"मी त्यांचा जबाब घेतलेलाच नाही अजून," ती उठत म्हणाली.

"म्याडम!"

"काही सांगणार नाही मी. फक्त भेटते."

६

तेरवी व्हायची होती. सुशीलाबाई छपरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. बुबुळांवर दुधी पडदा चढलेला. ओमेश त्यांच्या पायाशी बसला होता. नीतूला बघताच त्याचं तोंड पांढरं पडलं.

"पोलीसबाई आल्या, मावशी," तो घाईनं म्हणाला. "गाडीच्या कागदाचं इचाराले आल्या."

"बस बाई," सुशीलाबाई म्हणाल्या. "ओमेश, बाईले गार पानी आन. हिरीवरून आन, घरातलं नोको."

ओमेश घुटमळला, मग घागर घेऊन गेला. त्याची पावलं दूर जाईपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

"धानाचं इचाराले आली न तू?"

नीतू त्यांच्या जवळ सरकली.

"मले माहीत आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. "दवाखान्यातून त्याचे कपडे आले, ते या लोकाईनं गाठोडं बांधून वर ठेवले होते. म्या काढले. स्वेटरच्या लोकरीत दाने अटकले होते. डोऱ्याले दिसत नाई, पन हाताले तं समजते. दाताखाली धरला न सारं समजलं. माह्याच चिन्नोर होये, बाई. एक बांधी दरसाल त्याच्यासाठीच राहाये. दुसरा भात त्याले गोड लागत नाई."

कडेच्या चुलीवर काहीच नव्हतं, राख गार होती.

"मग तुम्ही कोणाला बोलल्या का नाही, मावशी?"

"कायले बोलू? ओमेश दिवसातून दहादा येऊन म्हनते, 'मावशी, तुव्हा धान म्या ऊन उतरताच भरला होता.' म्हनते न बाहेर जाऊन रडते. बाया येतात, त्याई तेच सांगतात. साऱ्या गावानं माह्यासाठी एवढं खोटं उचललं. म्या खरं बोलली असती तं त्याईचा तो आधारही गेला असता. म्हून मी म्हनो, 'हो बापा, बरं केलं.'"

नीतूनं त्यांचा हात धरला. तो कोरडा आणि गरम होता.

"धान म्याच पसरवला," त्या म्हणाल्या. "अंगनात ऊन कमी येते. रस्ता तापते, एका दिवसात धान कडक वाजते. सारेच टाकतात, म्या बी टाकला. लोकं वळसा घेऊन जातात, काय होते, असं वाटे. कोनाचा लेक जाईन, असं कवा वाटलं नाई." आवाज पहिल्यांदा हलला. "पन देवचंदभाऊ जेलात जाईन, हे मले कोनी सांगतलं नव्हतं. चमेली आज बोडीवर रडून राहिली होती, तवा ऐकलं. हे नाई होनार. माह्या जबाब लिहून घे. आंगठा देतो."

ओमेश पाण्याची घागर घेऊन दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. घागर तिरपी होऊन पाणी उंबऱ्यावरून वाहत होतं.

"मावशी, तुले ठाऊक होतं?"

"ये इकडं," सुशीलाबाई म्हणाल्या. तो येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा ओरडून रडला. त्या त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. त्या मात्र रडल्या नाहीत.

७

जबाब झाला. नीतूनं अहवालात कोणालाच वाचवलं नाही आणि कोणावर नको तेवढं लादलंही नाही. रस्त्यावर धान होता, हे लिहिलं. जड ट्रक हळू चालीनं वेगाच्या लेनमध्ये चालला होता, हे लिहिलं. गाडी फार वेगात होती आणि चुकीच्या बाजूनं पुढं काढली होती, हेही लिहिलं. ते लिहिताना हात थांबला, पण लिहिलं. आणि देवचंद कापगते जागा होता, त्यानं दिवा देऊन लेन बदलली, असं स्वतंत्र ओळीत लिहिलं. पुढं कोर्ट काय ते ठरवणार होतं.

सुशीलाबाईंना ठाण्यातून परत आणताना त्यांनी जीप आधी देवचंदच्या दारी थांबवायला लावली. देवचंद बाहेर आला आणि त्यांना पाहताच जागीच खिळला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी माह्या लेकाले बाहेर काढलं. पानी पाजलं का?"

"पाजलं ताई. दोन घोट घेतले."

"काई बोलला?"

देवचंदनं नीतूकडं पाहिलं. मग खाली बसून त्यानं सुशीलाबाईंच्या पायाशी हात टेकले. "म्हने, मायले सांगजा, मी आलो."

सुशीलाबाईंनी मान हलवली. चमेली दारात येऊन उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि काही न बोलता त्यांना हाताला धरून जीपपर्यंत पोचवलं.

घराकडं जाताना फाट्याजवळ आल्यावर सुशीलाबाई म्हणाल्या, "इथंच नं? थांबव जरा."

भुवनेश्वरनं जीप कडेला घेतली. समोरून वाहनं जात होती. एक ट्रक दुभाजकाला चिकटून चालला होता, मागं एक गाडी दिवे मारत होती. पलीकडं कोणीतरी बैलगाडी हाकत होता.

"बाई, एक इचारू?"

"विचारा न, मावशी."

"तो त्या ट्रकामांगंच राहिला असता, घाई केली नसती, तं घरी किती उशिरा आला असता?"

नीतूनं रस्त्याकडं पाहिलं. धान संपला की ट्रॉली डावीकडं गेली असती. ट्रक पुढं निघून गेला असता. आणि तिथून फाटा हाकेवर. वळण घ्यायला टिकेशला असंही वेग कमी करावाच लागला असता.

"जास्त नाही, मावशी," ती म्हणाली. "चहाला आधण येतं न, तेवढाच."

सुशीलाबाईंनी मान वळवली. न दिसणाऱ्या डोळ्यांनी त्या रस्त्याकडं बघत होत्या.

"आधन तं म्या ठेवलंच होतं," त्या म्हणाल्या.